खिशांतील पंतोजी

वाङ्मयीन मासिकाच्या परीक्षण-विभागांत कादंबऱ्या, कवितासंग्रह, नाटकें आणि क्वचित् एखादा शास्त्रीय ग्रंथ यांचाच विचार व्हावा, असा संकेत आपल्याकडे रूढ आहे. तो मोडून आम्ही आज लहान मुलांसाठीं निघणाऱ्या मोबाईल ॲप्सचा विचार करावयास बसलों आहों, याचें कांहीं वाचकांस आश्चर्य वाटेल; कांहींस हा परीक्षणाचा अधःपातहि वाटेल. त्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, आजचें चार वर्षांचें मूल जें पहिलें चित्र टक लावून पाहतें, जी पहिली गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकतें आणि ज्या पहिल्या 'अ'वर बोट ठेवतें, तीं तिन्ही पुष्कळ घरांत आतां पुस्तकांतून न येतां हातांतल्या कांचेवरून येतात. ज्या कृतींनीं रुचीचा पाया घातला जातो, त्या टीकाकाराच्या कक्षेबाहेर कां राहाव्या, हें आम्हांस उमगत नाहीं.

मुलांच्या हातीं काय द्यावें, हा प्रश्न मराठीला नवा नाहीं. विनायक कोंडदेव ओक यांनीं १८८१ सालीं 'बालबोध' सुरू केलें आणि वासुदेव गोविंद आपटे यांनीं १९०६ सालीं 'आनंद' काढलें, तेव्हां दोघांपुढें हाच प्रश्न होता. त्या मासिकांतील प्रत्येक पान सरस होतें असें कोणी म्हणणार नाहीं. पण त्या प्रत्येक पानामागें एक मनुष्य उभा होता. मजकूर निवडणारा, नाकारणारा, आणि निवड चुकल्यास आपल्या नांवानिशीं बोल सोसणारा असा तो संपादक होता. ॲप्सच्या बाजारांत द्वारपाल आहेत, पण असा संपादक विरळा. ॲपल कंपनीनें २०१३ सालीं मुलांकरितां स्वतंत्र दालन उघडलें. गूगलनें २०२० सालीं शिक्षकांच्या पसंतीस उतरलेल्या ॲप्सवर निराळी खूण करण्यास आरंभ केला. हे उपक्रम स्वागतार्ह आहेत. तथापि ती खूण करणाऱ्या शिक्षकानें काय नाकारलें आणि कां नाकारलें, हें घरच्या माणसाला कळत नाहीं. आणि त्याच्या घरांतील मूल तर त्या शिक्षकानें पाहिलेलेंच नसतें. संपादकाची ती रिकामी खुर्ची अखेर आईबापांच्या वांट्यास आली आहे, व त्यांना त्या कामाची सवड नाहीं.

आमच्याकडे ही खुर्ची कशी आली, तें सांगितलें पाहिजे. आमची कन्या व जामात दोघेंहि नोकरी करतात, आणि त्यांची साडेचार वर्षांची मुलगी दुपारची आमच्याकडे असते. एके दिवशीं कन्या म्हणाली, "बाबा, चांगलें पुस्तक कसें ओळखावें, हें तुम्ही जन्मभर मुलांना शिकवलेंत. आतां हिच्यासाठीं चार ॲप्स निवडून द्या." आम्हीं तत्काळ उत्तर दिलें कीं, तो फोन माळ्यावर टाक म्हणजे निवडीचा प्रश्नच उरणार नाहीं. यावर ती शांतपणें म्हणाली, "आणि पेपरांचे गठ्ठे तपासतांना तिनें गडबड करूं नये म्हणून तिच्या हातांत फोन कोण देतें?" आमच्यापाशीं याला उत्तर नव्हतें. ज्या वस्तूचा आम्ही व्याख्यानांत निषेध करीत होतों, तिचाच आम्हीं सोयीसाठीं दाईसारखा उपयोग केला होता. आणि दाई ठेवतांना जी चौकशी करावयाची, तीहि केली नव्हती. त्यानंतर दीड महिना नातीला शेजारीं बसवून आम्हीं एकोणीस ॲप्स पाहिलीं. पुढील विवेचन त्या पाहणीवर आधारलेलें आहे.

प्रथम बाजारांत प्रचलित असलेल्या मापांचा विचार करूं. ॲपच्या नांवाखालीं तारका असतात, किती लोकांनीं तें उतरवून घेतलें याचा आंकडा असतो, आणि कोणत्या वयास तें योग्य याची खूण असते. तारका देणारे बहुधा मोठे असतात, आणि मूल शांत बसलें, एवढ्यानेंच ते प्रसन्न होतात. उतरवून घेणाऱ्यांचा आंकडा लोकप्रियता सांगतो. आणि लोकप्रियता म्हणजे गुण नव्हे, हें या मासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. वयाची खूण तर केवळ निषेधात्मक आहे. तीन वर्षांवरील मुलांस योग्य, याचा अर्थ आंत भयंकर किंवा अश्लील कांहीं नाहीं एवढाच. विषारी नाहीं म्हणून एखादा पदार्थ पौष्टिक ठरत नाहीं.

दुसरें माप वेळेचें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें कीं, एक वर्षाच्या मुलास पडद्यापुढें मुळींच बसवूं नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसाकाठीं एक तासापेक्षां अधिक बसवूं नये. कमी असेल तितकें उत्तम. आपल्याकडील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा उपदेशहि याच धर्तीचा आहे. ही मर्यादा आम्हांस सर्वथा मान्य आहे, आणि दोन वर्षांखालील मुलासाठीं ॲप शोधूंच नये, असें आम्ही स्पष्ट म्हणतों. दूरच्या आजीआजोबांशीं पडद्यावरून बोलणें एवढाच काय तो अपवाद. परंतु घड्याळ प्रमाण सांगतें, गुण सांगत नाहीं. त्या एका तासांत मुलाच्या मनाचें काय होतें, या प्रश्नाला घड्याळापाशीं उत्तर नाहीं.

तें उत्तर देण्याचा एक गंभीर प्रयत्न २०१५ सालीं कॅथी हर्श-पासेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं केला. मूल शिकतें कसें, याविषयीं मानसशास्त्रास जें ठाऊक आहे तें ॲप्सना लावून त्यांनीं चार खांब सांगितले. मुलाचें मन क्रियाशील असावें; त्याचें चित्त विषयावर जडलेलें असावें, इतस्ततः ओढलें जाऊं नये; जें शिकावयाचें त्याचा मुलाच्या जीवनाशीं अर्थपूर्ण संबंध असावा; आणि त्यांत दुसऱ्या माणसाचा सहवास असावा. या चारांना एका निश्चित शैक्षणिक हेतूची जोड हवी, असेंहि त्यांनीं म्हटलें. हा लेख आम्हांस उपयुक्त वाटला. परंतु घरांत उभ्या उभ्या निवड करणाऱ्या आईला खांबांपेक्षां ओळखीची एखादी मूर्ति अधिक उपयोगी पडेल, असेंहि वाटलें. म्हणून आम्ही ॲपकडे पुस्तक किंवा खेळणें म्हणून न पाहतां घरीं शिकवणीला ठेवलेला पंतोजी म्हणून पाहावें, असें सुचवितों. पंतोजी ठेवतांना तो कोणता विषय शिकवितो, एवढेंच विचारून कोणी थांबत नाहीं. तो मुलाशीं वागतो कसा, हें शहाणी गृहिणी दाराआडून पाहते. ॲपचीहि परीक्षा त्याच्या जाहीर विषयावरून न करतां वर्तनावरून करावी, हें आमचें मुख्य म्हणणें. त्यासाठीं चार प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न: हा पंतोजी मुलाचें ऐकतो काय? बहुतेक ॲप्स बोलकीं असतात, ऐकणारीं थोडीं. मुलानें कांचेवर बोट टेकलें कीं फुगा फुटतो, तारे उडतात, टाळ्या वाजतात. मूल सारखें हालचाल करीत आहे असें दिसतें, म्हणून आईबापांस वाटतें कीं तें शिकत आहे. वास्तविक हालत असतें तें बोट; मन स्वस्थ बसलेलें असतें. याची खूण सोपी आहे. दोन मुलांनीं तेंच ॲप घेतलें आणि अर्ध्या तासानंतर दोघांपुढें तेंच चित्र उमटलें, तर त्यांत मुलांचें असें कांहीं नव्हतें.

याच्या उलट उदाहरण म्हणून 'स्क्रॅच ज्युनियर' या ॲपचा उल्लेख केला पाहिजे. एमआयटी व टफ्ट्स या अमेरिकन विद्यापीठांतील मंडळींनीं इतर सहकाऱ्यांसह तें तयार केलें व २०१४ सालीं विनामूल्य प्रसिद्ध केलें. तें पांच ते सात वर्षांच्या मुलांसाठीं आहे. चित्रखुणांचे ठोकळे एकापुढें एक जोडले कीं पडद्यावरचें मांजर चालतें, उडी मारतें, दिसेनासें होतें. चित्र मुलानें काढावें, आवाजहि मुलानेंच द्यावा. येथें गुण नाहींत, जिंकणें-हरणें नाहीं. आमच्या नातीला वयाच्या मानानें तें थोडें अवघड गेलें, व पहिले तीन दिवस आम्हांस तिच्याजवळ बसावें लागलें. चौथ्या दिवशीं तिनें मांजराला झाडापर्यंत नेलें आणि स्वतःच्या आवाजांत "माऊ, अंधार झाला, घरीं ये" असें म्हणवून परत आणलें. तें चित्र दुसऱ्या कोणत्याहि मुलानें तसेंच काढलें नसतें. स्वीडनच्या 'टोका बोका' या संस्थेनें २०११ सालीं काढलेला चहापानाचा खेळहि याच जातीचा होता. मुलांनीं पडदा आडवा ठेवावा, त्यावर बशा मांडाव्या, चहा ओतावा, सांडला तर पुसावा. पडदा म्हणजे केवळ भातुकलीचें टेबल. पण याच संस्थेच्या पुढील काळांतील एका विस्तीर्ण खेळांत प्रवेश फुकट, आणि नवीं घरें, नवीं दुकानें मात्र विकत, अशी रचना आली. एका ग्रंथकाराचें पहिलें पुस्तक चांगलें निघालें म्हणून दुसरें न वाचतां घेऊं नये, हा आपला जुना नियम येथेंहि लागू आहे.

दुसरा प्रश्न: मुलाची चूक झाली असतां हा पंतोजी काय करतो? याबाबतींत मारिया माँटेसरीबाईंनीं घालून दिलेला आदर्श अद्यापि अजोड आहे. त्यांच्या साधनांत लांकडाचा एक ठोकळा असतो. त्यांत दहा खांचा व दहा दट्टे. एक दट्ट्या भलत्याच खांचेंत बसला, तर अखेरीस एक दट्ट्या कोठेंच बसत नाहीं, आणि आपलें कोठें तरी चुकलें हें मुलाला कोणीं न सांगतां कळतें. चूक दाखविण्याचें काम वस्तु करते. त्यांत अपमान नाहीं, आणि खोटी शाबासकीहि नाहीं.

आम्हीं पाहिलेल्या एका मराठी अक्षरांच्या ॲपमध्यें याच्या अगदीं विपरीत प्रकार आढळला. बरोबर अक्षरावर बोट ठेवलें तर एक कंटाळवाणी घंटा वाजे. चुकीच्यावर ठेवलें तर एक बेडूक धप्पकन् पाण्यांत पडे. नातीनें दोन दिवसांत हिशेब केला आणि ती मुद्दाम चुकूं लागली. आम्ही तिला दटावणार होतों; पण विचार करतां तिचें चुकलें असें आम्हांस म्हणवेना. गंमत जेथें ठेवली होती तेथें ती गेली. ज्यानें अक्षरांपेक्षां बेडकावर अधिक श्रम घेतले, त्यानें तिला बेडूकच शिकविला. एखादें ॲप कसें आहे हें पाहावयाचें असेल, तर आईबापांनीं प्रथम स्वतः त्यांत चुकून पाहावें. बरोबर उत्तरें देऊन ॲपचा स्वभाव कळत नाहीं.

तिसरा प्रश्न: हा पंतोजी घरची भाषा बोलतो काय? 'खान अकॅडमी किड्स' हें २०१८ सालीं निघालेलें ॲप दोन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीं आहे. नफा न घेणाऱ्या संस्थेनें तें काढलें आहे. त्यांत जाहिरात नाहीं, वर्गणी नाहीं. कोडी नांवाचें अस्वल मुलाला आपल्या मित्रमंडळींत घेऊन जातें. त्यांतील गोष्टी, अक्षरें, आंकडे यांची मांडणी सुबोध आहे. चुकीबाबतचें वर्तनहि सौम्य आहे. आम्ही त्याची शिफारस करतों. पण त्याचा सर्व व्यवहार आमच्या नातीशीं इंग्रजींत झाला. इंग्रजी शिकविण्याकरितां तें घेतलें तर हरकत नाहीं. भाषेचा पाया घालण्याकरितां घेतलें, तर इंग्रजी शब्द पुढें जाऊन बसतात आणि घरचे शब्द मागें उभे राहतात, हें लक्षांत ठेवून घ्यावें.

मग मराठी ॲप्स घ्यावींत, हें ओघानेंच आलें. येथेंच आमची सर्वांत मोठी निराशा झाली. मराठी 'ल' आणि 'श' यांचीं वळणें हिंदीहून निराळीं आहेत. संगणकाच्या लेखीं मात्र दोन्ही भाषांचा 'ल' एकच. त्याचें कोणतें रूप उमटावें हें टंक ठरवितो. ज्या ॲप-कर्त्याला हा भेद ठाऊक नाहीं, त्याच्या हातून मराठी म्हणून हिंदी वळणाचें अक्षर मुलापुढें येतें, आणि मग शाळेंतील बाई मराठी वळण काढूं लागल्या म्हणजे मूल त्यांनाच चुकीचें ठरवितें. 'अ‍ॅ' आणि 'ऑ' यांना महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं वर्णमालेंत स्थान दिलें. अनेक ॲप्सना त्याचा पत्ता नाहीं. 'ळ' हें अक्षर चित्रांत दिसतें, पण उच्चारणारा आवाज त्याचा 'ल' करतो. ज्या भाषेंत बाळ, खेळ, फळा आणि शाळा हे शब्द मुलाच्या नित्य परिचयाचे, तिला 'ळ'शिवाय शिकविणें म्हणजे बोबडें बोलणें शिकविणें होय.

अक्षरांप्रमाणेंच प्रसंगांचें. पुष्कळशीं मराठी ॲप्स मुळांत मराठी नसतात. परक्या चित्रांवर मराठी शब्द चिकटविलेले असतात. हिवाळा म्हटला कीं बर्फाचा बाहुला उभा राहतो. मनुष्याचें घर म्हटलें कीं त्याला धुराडें असतें. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस बालशिक्षणाचें काम आरंभिलें आणि पुढें १९५७ पासून अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्यें तें चालविलें, तेव्हां माँटेसरीचीं महाग साधनें तशींच आणणें शक्य नव्हतें. त्यांनीं शंख-शिंपले, बिया, पानें, खडे यांचीं साधनें केलीं. काटकसर हें त्याचें एक कारण. पण त्यांतून दुसरीहि गोष्ट साधली. ज्या वस्तूनें मूल मोजावयास शिकलें, ती वस्तु त्याला शाळा सुटल्यावर वाटेंत पुन्हा भेटत असे. पडद्यावरील कोणती वस्तु मुलाला संध्याकाळीं अंगणांत भेटेल, हा प्रश्न आमच्या ॲप-कर्त्यांनीं स्वतःस विचारावा.

या बाबतींत आशेला जागा नाहीं असें नाहीं. प्रथम बुक्स या संस्थेनें २०१५ सालीं सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर इतर अनेक भाषांबरोबर मराठींतहि सचित्र गोष्टी विनामूल्य वाचावयास मिळतात, आणि त्या वाचनाच्या पायऱ्यांप्रमाणें लावलेल्या आहेत. सर्वच अनुवाद सारख्या योग्यतेचे नाहींत. पण त्या गोष्टींस लेखक आहे, चित्रकार आहे, अनुवादक आहे, आणि त्यांचीं नांवें पानावर आहेत. ज्याच्या कृतीवर नांव आहे, त्याच्याशीं भांडतां येतें. टीकेला एवढा आधार पुरतो.

चौथा प्रश्न सर्वांत व्यावहारिक आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा: या पंतोजीचा पगार कोण देतो? आपण देत नसूं, तर दुसरा कोणी तरी देत असला पाहिजे. आणि जो पगार देतो त्याचीच चाकरी तो करणार. अमेरिकेंत मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१८ सालीं पांच वर्षांखालील मुलांच्या १३५ ॲप्सची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकीं शेंकडा ९५ ॲप्समध्यें कोणत्या तरी स्वरूपाची जाहिरात आढळली. कोठें खेळ मध्येंच थांबवून जाहिरात दाखविली जाई. कोठें मुलाचें आवडतें पात्रच पुढें येऊन विकत घेण्याचा आग्रह करी. चार वर्षांच्या मुलाला खेळ कोठें संपला आणि विक्री कोठें सुरू झाली, हें कळत नाहीं. मोठ्या दुकानांचीहि यांतून सुटका झालेली नाहीं. मुलांनीं खेळतां खेळतां आईबापांच्या संमतीविना केलेल्या खरेदीबद्दल, २०१४ सालीं अमेरिकेच्या व्यापार-आयोगाशीं झालेल्या तडजोडीनें ॲपलला किमान ३ कोटी २५ लक्ष डॉलर ग्राहकांस परत करण्याचें मान्य करावें लागलें.

आपल्याकडे २०२३ सालीं झालेल्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानें अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानलें आहे. बालकाची माहिती घेण्यापूर्वीं पालकाची खातरजमा करतां येईल अशी संमति आवश्यक केली आहे, आणि बालकांवर पाळत ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती करण्यास मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानें व्हावयाची आहे. कायदा चांगला आहे. परंतु दाराशीं शिपाई उभा आहे म्हणून घरांत कोण येतें हें पाहावयाचें आपण सोडीत नाहीं.

पगाराच्या प्रश्नाशींच दुसरी एक गोष्ट निगडित आहे: पंतोजी उठतो केव्हां? ज्याला घटकांप्रमाणें पैसे मिळतात तो लवकर उठत नाहीं. कहाणीला सुफळ संपूर्ण असा शेवट असतो. अंगाईनें मूल झोंपतें आणि अंगाई थांबते. सागरगोट्यांचा डाव संपतो. मुलांसाठीं आपल्या परंपरेनें जें जें निर्माण केलें, त्याला शेवट आहे, आणि त्या शेवटाबरोबर मूल पुन्हा माणसांत परत येतें. पुष्कळ ॲप्सना मात्र शेवटच नाहीं. एक पायरी संपतांच दुसरी आपोआप सुरू होते. उद्यां या म्हणजे बक्षीस देऊं, असें आमिष असतें.

आम्हीं पाहिलेल्या एका ॲपमध्यें हत्तीचें एक गोजिरवाणें पिल्लूं होतें. त्याला न्हाऊं घालावयाचें, खाऊं घालावयाचें, निजवावयाचें. नातीला त्याचा फार लळा लागला. पण ॲप बंद करण्याच्या खुणेवर बोट नेलें कीं पिल्लाच्या डोळ्यांतून टपटप आंसवें गळूं लागत. दोन दिवस तिचें जेवण लांबलें. तिसऱ्या दिवशीं आम्हीं तें ॲप फोनमधून काढून टाकलें आणि एक मोठें कर्तव्य बजावल्याच्या समाधानांत राहिलों. रात्रीं कन्येच्या घरून फोन आला. नात विचारीत होती, "आजोबा, तो हत्ती अजून रडत असेल का?" आम्ही काय बोललों तें येथें लिहिण्यासारखें नाहीं, कारण आम्ही खोटें बोललों. चार वर्षांच्या जिवाची करुणा हें घरांत राहून घडवावयाचें धन. तें कोणा अपरिचितानें आपल्या मिनिटांच्या हिशेबासाठीं वापरलें होतें, आणि त्याला दार उघडून देणारे आम्हीच होतों. वाङ्मयांत खोट्या करुणेला आम्ही भाबडेपणा म्हणून दोष देतों. येथें तो दोष राहत नाहीं; येथें तो अपराध होतो.

या चार प्रश्नांवर एक आक्षेप येईल, आणि तो आम्हांस महत्त्वाचा वाटतो. सवड असलेल्या प्राध्यापकानें दाराआडून पाहत बसावें. जिला स्वयंपाक, नोकरी आणि आजारी सासू एकटीनें पाहावयाची, तिनें काय करावें? २०२० आणि २०२१ या महामारीच्या वर्षांत तर फोन हीच शाळा होती, आणि एका फोनवर दोन-तीन भावंडांनीं ती केली. अशा घराला 'फोन देऊं नका' हा उपदेश करणें निर्दय होय. पण म्हणूनच निवड एकदांच नीट करावी. वीस ॲप्स फोनांत भरून ठेवण्यापेक्षां दोन ठेवावींत. लहान मुलाला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा हवी असते. देण्यापूर्वीं रात्रीं अर्धा तास स्वतः तें चालवावें, मुद्दाम चुकावें, आणि मध्येंच बंद करून पाहावें. फोनाचा बाहेरील जगाशीं संबंध तोडणारी जी विमान-प्रवासाची सोय असते, ती चालू करून ॲप चालतें काय तें पाहावें. तशा स्थितींत जें सुखानें चालतें, त्याला निदान खेळाच्या मध्यें नव्या जाहिराती आणतां येत नाहींत. फुकटाच्या मोहापेक्षां एकदांच किंमत देऊन घेतलेलें ॲप पुष्कळदां स्वस्त पडतें. आणि शेवटीं, फोन काढून घेतल्यावर मूल काय करतें तें पाहावें. रडेल, तें साहजिक आहे. पण रडून झाल्यावर जर तें पडद्यावरचाच खेळ जमिनीवर वाट्या मांडून पुढें चालवूं लागलें, तर पंतोजी चांगला होता असें समजावें.

आमच्या व्यवसाय-बंधूंसहि एक विनंती आहे. ॲप हें यंत्रज्ञांचें काम, असें म्हणून आपण बाजूला झालों, म्हणून तें बाजाराच्या ताब्यांत गेलें. अक्षराचें वळण, शब्दाची निवड, गोष्टीचा शेवट, करुणेचा खरेपणा, हे प्रश्न यंत्रज्ञांचे नव्हेत. ते आपले आहेत. ज्या मासिकांत दर महिन्यास दहा पुस्तकांचा परामर्श घेतला जातो, तेथें मुलांच्या दोन ॲप्सना एक पान मिळावें, आणि परीक्षकानें तें आपल्या नांवानिशीं लिहावें.

कन्येनें आमच्याकडे चार ॲप्स मागितलीं होतीं. एकोणीस पाहून आम्हीं तिला दोन दिलीं, 'स्क्रॅच ज्युनियर' आणि 'खान अकॅडमी किड्स'. तिसरें म्हणून गोष्टींचें तें संकेतस्थळ दाखविलें, आणि त्यांतील गोष्ट कोणीतरी जवळ बसून वाचावी अशी अट घातली. पेपर तपासण्याच्या दिवसांत ती अट आम्हांलाहि लागू आहे, असें तिनें बजावलें आहे. चौथी जागा आम्हीं रिकामी ठेवली. ज्याचा 'ल' मराठी वळणाचा आहे, ज्याला 'ळ' म्हणतां येतो, जें मुलाच्या चुकीला हंसत नाहीं आणि जेवणाची वेळ झाली कीं आपण होऊन उठतें, असें एखादें ॲप कोणी मराठी लेखक, चित्रकार आणि यंत्रज्ञ मिळून करतील, तर त्याचें परीक्षण या पानांत करावयास आम्हांस मनापासून आवडेल. तोंवर ती जागा रिकामीच बरी.